बेळगाव सीमाभागातून एमएसडब्ल्यूला जायचंय? अर्जापासून पहिल्या क्षेत्रकार्यापर्यंतची वाट

खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी, बेळगाव. या तालुक्यांतली पदवीच्या शेवटच्या वर्षातली मराठी मुलं-मुली भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, एमएसडब्ल्यू इकडे करू की तिकडे?" इकडे म्हणजे बेळगाव-धारवाड, तिकडे म्हणजे कोल्हापूर-पुणे-मुंबई. मी स्वतः खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले, समाजकार्यात पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमएसडब्ल्यू, घेतली आणि आता सीमेच्या दोन्ही बाजूंच्या गावांत काम करते. या वाटेवर कुठे काय अडतं ते एका ठिकाणी लिहिलेलं आम्हाला मिळालं नव्हतं, म्हणून हे लिहिते आहे.

इकडे की तिकडे हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की तुम्हाला कुणासोबत काम करायचं आहे आणि ती माणसं कोणती भाषा बोलतात? याचं उत्तर डोक्यात असेल, तर कॉलेज निवडणं बरंच सोपं होतं.

१. आधी अभ्यासक्रम ओळखा

आपल्याकडे सगळ्यालाच सरसकट एमएसडब्ल्यू म्हणतात. प्रत्यक्षात तीन वेगळ्या वाटा आहेत.

एमएसडब्ल्यू म्हणजे माणसांसोबत थेट काम करण्याचं व्यावसायिक शिक्षण. दोन वर्षं, चार सत्रं. यात व्यक्ती सहाय्य, गटकार्य, समुदाय संघटन, सामाजिक कृती, समाजकल्याण प्रशासन आणि समाजकार्य संशोधन या पद्धती शिकवतात. पुढे विशेषीकरण येतं: समुदाय विकास, वैद्यकीय व मनोचिकित्सा समाजकार्य, कुटुंब व बालकल्याण, गुन्हेगारी व सुधार प्रशासन किंवा मानव संसाधन व्यवस्थापन. सगळ्या कॉलेजांत सगळी विशेषीकरणं नसतात. हवं ते आहे का, हे अर्जाआधीच बघा.

विकास विषयातला एम.ए. हा गावपातळीवरचे प्रकल्प, उपजीविका, शिक्षण, आरोग्य अशा प्रश्नांकडे जातो. बेंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात तो आहे.

सामाजिक किंवा सार्वजनिक धोरण ही तिसरी वाट. योजना कशी आखली जाते, पैसा कसा वाटला जातो, कायदा कागदावरून घरापर्यंत कसा पोचतो, हे ज्यांना खुणावतं त्यांच्यासाठी. बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये सार्वजनिक धोरणाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे आणि त्याला कायद्याची पदवी लागत नाही.

पदवी कोणत्याही शाखेची चालते. बी.एस्सी. किंवा बी.कॉम. असलेली मुलं उगाच मागे राहतात. किमान टक्केवारीची अट मात्र प्रत्येक विद्यापीठाची वेगळी असते.

२. आपल्या आवाक्यातल्या जागा

राणी चन्नम्मा विद्यापीठ, बेळगाव. २०१० साली स्थापन झालं. जुना परिसर महामार्गावर भूतरामनहट्टीला, नवा हिरेबागेवाडीला. तुमचा विभाग कुठे भरतो ते विचारून मगच खोली बघा, कारण ही दोन ठिकाणं शहराच्या दोन विरुद्ध टोकांना आहेत.

कर्नाटक विद्यापीठ, धारवाड. इथला समाजकार्य विभाग जुना आणि नावाजलेला. खानापूर, कित्तूरकडच्यांना तर जवळच. धारवाडचा आणखी एक फायदा म्हणजे डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था त्याच शहरात आहे. मनोचिकित्सा समाजकार्याकडे ओढा असेल, तर याचा विचार करा.

विजयपूरचं अक्कमहादेवी महिला विद्यापीठ फक्त मुलींसाठी आहे. अथणीकडच्या मुलींना ते सोयीचं पडतं.

सीमेपलीकडे सर्वात जवळ कोल्हापूर. तिथल्या छत्रपती शाहू इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपण ज्याला सायबर म्हणतो तिथे, एमएसडब्ल्यू आहे. निपाणीकरांना घरून येऊन-जाऊन शिकता येईल इतकं ते जवळ आहे. पुण्यात १९६३ सालची कर्वे समाजसेवा संस्था, मुंबईत निर्मला निकेतन.

आणि टीआयएसएस, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्था. १९३६ साली मुंबईत सुरू झालेली ही समाजकार्य शिकवणारी देशातली पहिली संस्था. मुंबई म्हटलं की घरचे बिचकतात. पण तिचा ग्रामीण परिसर १९८६ पासून तुळजापूरला आहे, हे आपल्याकडे फारच कमी जणांना ठाऊक असतं. ग्रामीण विकासाच्या अंगाने समाजकार्य शिकायचं असेल, तर माझ्या मते सीमाभागातल्या मुलांसाठी तुळजापूर मुंबईपेक्षा जास्त उपयोगाचं आहे. दुष्काळ, स्थलांतर, ऊसतोड हे प्रश्न तिथे दाराशी आहेत आणि आपल्या अथणी-रायबागेतही तेच आहेत.

नोकरी किंवा घरच्या जबाबदारीमुळे बाहेर पडता येत नसेल, तर इग्नूचा दूरस्थ एमएसडब्ल्यू आहे. माध्यम इंग्रजी किंवा हिंदी. क्षेत्रकार्य, म्हणजे संस्थेत किंवा वस्तीत जाऊन करायचं काम, त्यातही सक्तीचं आहे, म्हणजे घरी बसून पुस्तकं वाचली की झालं असं होत नाही.

३. कॉलेज निवडताना क्षेत्रकार्याची चौकशी करा

इमारत, ग्रंथालय, वेबसाइटवरचे फोटो यांवर कॉलेज ठरवू नका. एमएसडब्ल्यूचा कणा म्हणजे क्षेत्रकार्य, मुलांच्या भाषेत फील्डवर्क. बहुतेक ठिकाणी आठवड्याचे दोन दिवस एखाद्या संस्थेत, रुग्णालयात, वस्तीत किंवा सरकारी कार्यालयात काढायचे असतात. या ठिकाणाला एजन्सी म्हणतात. केलेल्या कामाचा अहवाल लिहायचा, मग मार्गदर्शक शिक्षकासोबत एकट्याने बसून त्यावर बोलायचं. त्याला आयसी म्हणतात. गटाने बसतात ती जीसी. शिवाय काही दिवसांचं ग्रामीण शिबिर आणि शेवटाकडे सलग काही आठवड्यांचं ब्लॉक प्लेसमेंट.

हे नीट चालतं का, ते वेबसाइटवर कळत नाही. तिथे आत्ता शिकणाऱ्या दोघा-तिघांना गाठा आणि विचारा:

आयसी दर आठवड्याला खरंच होते, की सत्र संपताना एकदम सह्या होतात? एका शिक्षकाकडे किती विद्यार्थी? एजन्सी कोण ठरवतं? भाषेचा विचार होतो का? अहवाल वाचून शिक्षक काही लिहून देतात का? मुलींना दूरच्या वस्तीत पाठवताना जाण्या-येण्याची काय व्यवस्था असते?

अहवालावर फक्त सही करणारं कॉलेज कितीही नामांकित असो, तिथे तुम्ही अर्धंच शिकाल. साध्या इमारतीत बसणारा, पण दर आठवड्याला "त्या आजींनी पेन्शनबद्दल बोलणं का टाळलं असेल?" असं विचारणारा शिक्षक मिळाला, तर तिथे डोळे झाकून जा.

आपल्या भागात क्षेत्रकार्याला जागांची कमतरता नाही. बेळगावचं जिल्हा रुग्णालय आणि केएलईचं प्रभाकर कोरे रुग्णालय, हिंडलग्याचं कारागृह, निपाणीतल्या तंबाखूच्या वखारीत आणि विडी कामात असलेल्या बायका, गाळप हंगामात साखर कारखान्यांभोवती उभ्या राहणाऱ्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या, खानापूरच्या घाटातली गवळी-धनगरांची वस्ती, भीमगड अभयारण्याच्या आतली गावं. सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगराचा परिसर आणि देवदासी स्त्रियांचा प्रश्नही याच जिल्ह्यातला. मुलींना देवाला सोडण्यावर बंदी घालणारा कायदा कर्नाटकाने १९८२ साली केला आणि घटप्रभेची मास ही संस्था या स्त्रियांनीच पुढे नेलेली आहे. खानापुरात जागृती महिला ओक्कूट रोजगार हमीवर जाणाऱ्या बायकांना संघटित करत आली. या कामांची नावं मुंबई-पुण्याच्या वर्गांत घेतली जातात आणि आपल्याला ती माहीत नसतात.

४. भाषेचा प्रश्न आधीच सोडवा

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सीमाभागातल्या मुलांचं खरं अडतं ते इथे.

कर्नाटकातल्या विद्यापीठांत शिकवणं इंग्रजी आणि कन्नडमध्ये चालतं, परीक्षाही त्याच भाषांत. मराठीत उत्तरपत्रिका लिहायची असेल, तर महाराष्ट्रातलं कॉलेज बघावं लागेल, आणि तिथेही मराठीत लिहायची मुभा आहे का ते विचारून घ्यावं लागेल. मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिल्या सत्रात इंग्रजी जड जातं. त्यावर उपाय आहे: प्रवेश आणि वर्ग सुरू होणं यांत जे आठवडे मिळतात त्यांत समाजकार्याच्या मूळ संकल्पनांचं एक मराठी आणि एक इंग्रजी पुस्तक शेजारी ठेवून वाचा. प्रकरण तेच, भाषा दोन. शब्द आपोआप जुळत जातात.

कन्नडचं वेगळं आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांना बाजारापुरतं कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. गावात काम करताना मात्र ग्रामपंचायतीची नोटीस, अंगणवाडीचं रजिस्टर, तहसीलदार कार्यालयाचा अर्ज, आशा कार्यकर्तीची वही, सगळं कन्नडमध्ये असतं. जांबोटीकडच्या एखाद्या आजीला विधवा पेन्शन का बंद झाली ते कळत नाही, कारण पत्र तिला वाचता येत नाही. ते पत्र वाचून तिला मराठीत सांगणारं माणूस तिला हवं असतं. तुम्ही ते माणूस व्हायला निघाला आहात. त्यामुळे लिपी शिकाच. रोज अर्धा तास दिला, तर काही आठवड्यांत बसच्या पाट्या, मग अर्ज, मग वर्तमानपत्र असं वाचता येऊ लागतं.

भाषेच्या वादाबद्दल तुमचं मत काहीही असो. ते ठेवूनही कन्नड शिकता येतं. मराठी, कन्नड, हिंदी आणि थोडी दखनी बोलणारा समाजकार्यकर्ता महाराष्ट्रात किंवा म्हैसूरकडे सहज मिळत नाही. आपल्याकडे तो प्रत्येक गल्लीत असतो. ऊसतोडीच्या एका तळावर मराठवाड्याची मराठी, विजयपूरचं कन्नड आणि लमाणी बोली एकाच वेळी कानावर पडतात. तिथे नवखा माणूस दुभाष्या शोधत बसतो, तोवर तुमचं बोलणं सुरू झालेलं असतं.

आणखी एक गोष्ट. नोकरी कर्नाटक सरकारची हवी असेल, तर शाळेत कन्नड विषय न घेतलेल्यांना भरतीत कन्नडची परीक्षा सहसा द्यावी लागते. दोन वर्षांनी घाई करण्यापेक्षा आत्ताच सुरुवात करा.

५. कागदपत्रं: यादी आणि सापळे

हे सगळं एका फाइलमध्ये मूळ प्रतींसह, आणि फोनमध्ये स्कॅन करून ठेवा:

• एसएसएलसी म्हणजे दहावीचं गुणपत्रक. जन्मतारखेचा आणि शाळेतल्या प्रथम भाषेचा पुरावा म्हणूनही हेच लागतं
• दुसऱ्या पीयूसीचं म्हणजे बारावीचं गुणपत्रक
• पदवीच्या सगळ्या सत्रांची गुणपत्रकं आणि तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र
• कॉलेज सोडल्याचा दाखला, म्हणजे टीसी
• विद्यापीठ बदलत असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र
• जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला
• रहिवासी दाखला, आधार कार्ड, रेशन कार्ड
• आधार जोडलेलं बँक खातं
• पासपोर्ट आकाराचे फोटो, आणि स्वयंसेवी काम केलं असेल तर त्याचं पत्र

आता सापळे.

पहिला, नाव. एसएसएलसीच्या गुणपत्रकावर कधी आद्याक्षरं, कधी वडिलांचं नाव मागे, कधी आडनाव गायब. आधारवर तेच नाव वेगळ्या क्रमाने. महाराष्ट्रातल्या कार्यालयात आडनाव आधी लागतं. ऑनलाइन अर्ज भरताना जुळणी झाली नाही, की प्रवेश आणि शिष्यवृत्ती दोन्ही लटकतात. एसएसएलसीवरचं नाव प्रमाण मानून आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. हे काम शेवटच्या सत्राच्या परीक्षेआधी उरका.

दुसरा, स्थलांतर प्रमाणपत्र. राणी चन्नम्मा विद्यापीठातून पदवी घेऊन कोल्हापूरला जाणार असाल, तर ते लागतंच. शिवाय तिथलं विद्यापीठ पात्रता प्रमाणपत्रही मागतं. प्रवेश झाला म्हणजे पात्रता झाली, असं समजू नका. ती अडकली की परीक्षेचा अर्ज अडकतो.

तिसरा, दाखल्यावरचा आरडी क्रमांक. नाडकचेरीतून, म्हणजे स्थानिक महसूल कार्यालयातून, मिळणाऱ्या जात-उत्पन्न दाखल्यावर आरडीने सुरू होणारा लांब क्रमांक असतो. कर्नाटकाच्या शिष्यवृत्ती अर्जात तोच टाकावा लागतो. जुना, हाताने लिहिलेला दाखला तिथे चालत नाही. मुदत संपली असेल तर आत्ताच नवा काढा, कारण प्रवेशाच्या दिवसांत नाडकचेरीत पाय ठेवायला जागा नसते.

चौथा, मूळ प्रती. टीसी आणि मूळ गुणपत्रकं एका कॉलेजात जमा केल्यावर दुसरीकडे नंबर लागला, तर ती परत मिळवणं मोठं कष्टाचं होतं. माझ्या ओळखीतल्या एका मुलीची मूळ कागदपत्रं एका कॉलेजने पूर्ण शुल्काच्या आग्रहापायी अडवून धरली होती. मूळ कागद देताना पोचपावती लिहून घ्या आणि प्रवेश रद्द करण्याचे नियम आधी वाचा.

६. आरक्षण आणि सीमाभागाची सवलत

कर्नाटकात मागासवर्गीयांचे वर्ग म्हणजे प्रवर्ग १, २अ, २ब, ३अ, ३ब. मराठा समाज इथे ३ब मध्ये येतो. महाराष्ट्रातली विभागणी वेगळी आहे आणि कर्नाटकाच्या दाखल्यावर महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातलं आरक्षण सहसा मिळत नाही. अनुसूचित जातीच्या मुलांनाही हाच अनुभव येतो, दोन्ही राज्यांत जात तीच असली तरी. टीआयएसएससारख्या ठिकाणी केंद्राची यादी लागू होते. राज्याच्या यादीत मागास असलेली जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेलच असं नाही. यादी स्वतः तपासा, आणि तिथे लागणारा ओबीसी किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला, चालू आर्थिक वर्षातला काढा. राज्याच्या नमुन्यातला दाखला तिथे परत येतो.

महाराष्ट्र सरकारने दावा केलेल्या ८६५ गावांतल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रातल्या काही प्रवेशांत सवलती असतात. त्या प्रत्येक अभ्यासक्रमाला आणि प्रत्येक कॉलेजला लागू होत नाहीत. तोंडी आश्वासनावर विसंबू नका. "यंदाच्या नियमावलीत हे कुठे लिहिलं आहे?" असं विचारा. गाव यादीत असल्याचा पुरावा आणि मातृभाषा मराठी असल्याचा पुरावा सोबत ठेवा.

७. वेळापत्रक

टीआयएसएस आता सीयूईटी-पीजी या राष्ट्रीय परीक्षेचे गुण घेतं. तिचे अर्ज हिवाळ्यात निघतात, परीक्षा साधारण मार्चमध्ये होते. त्यानंतर संस्थेचा स्वतंत्र अर्ज आणि पुढच्या फेऱ्या असतात. सीयूईटी दिली आणि संस्थेचा अर्ज राहून गेला, असं दर वर्षी कुणाचं तरी होतं. अझीम प्रेमजी आणि नॅशनल लॉ स्कूलच्या स्वतःच्या परीक्षा आहेत आणि त्यांचे अर्जही पदवीच्या शेवटच्या सत्राआधीच सुरू होतात.

कर्नाटकातल्या राज्य विद्यापीठांचे प्रवेश पदवीच्या निकालानंतर, यूयूसीएमएस या संकेतस्थळावरून. पदवीला तुमचं खातं तिथे असेलच. जुना मोबाइल क्रमांक बदलला असेल, तर आधी तो दुरुस्त करा, ओटीपी त्यावरच जातो.

मुलाखतीला किंवा कागदपत्र तपासणीला सीमा ओलांडून जायचं असेल, तर आदल्या दिवशीच पोचा. तणावाच्या काळात दोन्ही राज्यांच्या बसगाड्या बंद होतात, २०२२ च्या डिसेंबरात हे झालं होतं. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या, आसपास तर रेल्वेनेच निघा, मिरजमार्गे.

८. परीक्षा आणि मुलाखत

सीयूईटी-पीजीचा पेपर इंग्रजी-हिंदीत असतो, मराठी किंवा कन्नडचा पर्याय नाही. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्याला एक वजा. कोणत्या अभ्यासक्रमाला कोणता विषय-पेपर चालतो ते संस्थेच्या माहितीपत्रकात बघूनच पेपर निवडा.

मुलाखतीत "समाजकार्य का?" हे विचारतातच. "मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे" हे उत्तर समोरच्यांनी त्याच दिवशी अनेकदा ऐकलेलं असतं. तुम्ही पाहिलेला एक प्रश्न सांगा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेच्या पुरात तुमचं गाव होतं का? घर पडलेल्यांपैकी भरपाई कुणाला मिळाली, कुणाला नाही, का? भाड्याने राहणाऱ्यांचं काय झालं? शाळेतल्या एखाद्या वर्गमैत्रिणीचं नववीत लग्न झालं असेल, तर त्या घरात काय चाललं होतं? उत्तर माहीत असायलाच हवं असं नाही. तुम्ही बघता का, आणि दोष कुणावर तरी ढकलून मोकळे होता की कारणं शोधता, हे त्यांना बघायचं असतं.

जात, धर्म, लिंग यांवरच्या प्रश्नांना गोलमोल उत्तर देऊ नका. आमच्या गावात भेदभाव नाही, असं म्हणालात तर पुढचा प्रश्न "पाण्याची टाकी कोणत्या गल्लीत आहे?" असा येऊ शकतो.

आणि सीमाभाग. हा विषय निघतोच. घोषणा देऊ नका, माहिती द्या: शाळेत कोणती भाषा, दवाखान्यात कोणती, रेशन दुकानात कोणती, आणि त्यामुळे कुणाचं काय अडतं.

९. पैसा आणि राहणं

कर्नाटकात शिकत असाल तर एसएसपी, म्हणजे राज्य शिष्यवृत्ती संकेतस्थळावर अर्ज करा. मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी विद्यासिरी योजनेत जेवण-राहण्यासाठी दरमहा मदत आहे. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर हाच आधार. खातं आधारला जोडलेलं आहे आणि थेट लाभासाठी तेच नोंदलेलं आहे, हे बँकेत जाऊन खात्री करा. पैसे मंजूर होऊन भलत्याच जुन्या खात्यात गेल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

एक गैरसमज: मराठी भाषिक अल्पसंख्याक असणं वेगळं आणि अल्पसंख्याक शिष्यवृत्ती वेगळी. ती शिष्यवृत्ती धार्मिक अल्पसंख्याकांसाठी आहे. जैन, मुस्लिम, ख्रिश्चन, बौद्ध विद्यार्थ्यांनी ती नक्की बघावी.

बीसीएम, म्हणजे मागासवर्ग कल्याण खातं, आणि समाजकल्याण खातं यांच्या वसतिगृहांचे अर्जही ऑनलाइन, प्रवेश मिळताच लगेच भरायचे. मुलींना कर्नाटकाच्या साध्या सरकारी बसमध्ये शक्ती योजनेमुळे राज्यांतर्गत प्रवास मोफत आहे. बेळगाव किंवा धारवाडला शिकताना क्षेत्रकार्याचा निम्मा खर्च यानेच वाचतो. कोल्हापुरात शिकताना हा खर्च हिशेबात धरा.

१०. प्रवेशानंतरचे पहिले महिने

पहिल्या दिवसापासून रोज संध्याकाळी लिहा. कुणाशी काय बोललात, त्यांनी काय सांगितलं, तुम्हाला काय वाटलं, हे तीन वेगवेगळे ठेवा. आठवड्याने आठवून लिहिलेला अहवाल शिक्षकाला लगेच ओळखू येतो.

वस्तीत गेल्यावर वचनं देऊ नका. "घरकुल मिळवून देतो" हे एक वाक्य तुमच्या पुढच्या तुकडीला महागात पडतं. काय करता येईल ते सांगा: अर्ज कुठे मिळतो, कोणाला भेटायचं, मी सोबत येईन.

फोटोंबाबत कडक राहा. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलाची ओळख उघड करणं हा २०१२ च्या पोक्सो कायद्याने गुन्हा आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यातही मुलांची ओळख उघड करायला बंदी आहे. बालगृहातला गोड फोटो स्टेटसला ठेवायचा नाही. कारागृह आणि एचआयव्ही समुपदेशन केंद्रात तर फोन बाहेर काढायचाच नाही.

एजन्सीत तुम्हाला झेरॉक्स आणि नोंदी टाइप करायला बसवलं, तर आठ-पंधरा दिवस करा, त्यातूनही कार्यालय कळतं. त्यानंतर मात्र आयसीमध्ये स्पष्ट बोला. माणसांपर्यंत पोचणं हा तुमच्या शिक्षणाचा भाग आहे.

प्रबंधाचा विषय दुसऱ्या वर्षी येतो, पण डोक्यात आत्तापासून असू द्या. आपल्या भागात असे विषय आहेत जे बाकी कुणाला सहज मिळणार नाहीत. नदीच्या एका काठावर कर्नाटकाच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना २,००० रुपये घरातल्या प्रमुख स्त्रीला, दुसऱ्या काठावर महाराष्ट्राच्या लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये. एकीकडे मोफत बस, दुसरीकडे अर्धं तिकीट. कागल आणि निपाणीतल्या दोन बहिणींच्या हातात त्या पैशाने काय बदललं? दुसरा विषय भाषेचा: राज्यघटनेतल्या ३५०अ आणि ३५०ब या कलमांनी भाषिक अल्पसंख्याकांना संरक्षण दिलं. एखाद्या तालुक्यात १५ टक्के किंवा अधिक लोक ती भाषा बोलत असतील, तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही द्याव्यात हे तत्त्व १९५६ पासून मान्य झालेलं आहे. खानापूर तालुक्यात आरोग्याच्या आणि रेशनच्या सूचना आज कशा पोचतात, हे पन्नास घरांत बसून नोंदवलं तरी तो मोलाचा अभ्यास होईल. यात मोर्चाची भाषा नको. किती बायकांना गोळ्यांच्या पाकिटावरचं वाचता आलं, एवढं मोजा.

११. पदवीनंतर लागणाऱ्या गोष्टींची तजवीज

जिल्हा बाल संरक्षण कक्ष, सखी वन स्टॉप सेंटर, रुग्णालयांतली वैद्यकीय समाजकार्यकर्त्यांची पदं, बचत गटांचं संजीविनी अभियान, महिला व बालविकास खातं, मोठ्या कारखान्यांतले कल्याण अधिकारी, आणि स्वयंसेवी संस्था. यांतल्या बऱ्याच नोकऱ्या कंत्राटी असतात आणि प्रकल्पासोबत संपतात. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे पुढचे वाद टळतात.

शिकवायचं असेल तर यूजीसी-नेट या प्राध्यापकांच्या पात्रता परीक्षेत समाजकार्याचा विषय क्रमांक १० आहे. मानव संसाधन व कामगार कल्याणाचा पेपर वेगळा, क्रमांक ५५. अर्ज भरताना दोन्हींत गोंधळ होतो. कर्नाटकासाठी के-सेट, महाराष्ट्रासाठी सेट. दोन्हीकडे पात्र असलेल्या सीमाभागातल्या मुलांनी नेटच आधी द्यावी, ती दोन्ही राज्यांत चालते.

प्रत्येक एजन्सीकडून काम संपल्याच्या आठवड्यातच प्रमाणपत्र घ्या. त्यावर किती दिवस, कोणतं काम आणि कुणाच्या देखरेखीखाली हे लिहिलेलं असावं. वर्षभराने गेलात तर तिथले अधिकारी बदललेले असतात आणि तुम्हाला ओळखणारं कुणी उरत नाही. अहवालांच्या वह्याही कॉलेजात जमा करण्याआधी त्यांची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. त्यातली लोकांची नावं मात्र आधी खोडा.